जीव ही अल्लाहची अमानत, शोकाकुल घर ही आपली जबाबदारी

ज्या घरातील एखाद्या व्यक्तीने आपले जीवन स्वतः संपविले, त्या घराच्या अंगणात काय बोलले जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. आत आईचा आकांत चाललेला असतो आणि बाहेर हलक्या आवाजात चर्चा सुरू असते : "याची जनाजाची नमाज होते का?" "असा माणूस तर जहन्नमीच ना?" "घरच्यांना काहीच कसे कळले नाही?" विचारणारे दुष्ट नसतात. भीतीपोटी, अज्ञानापोटी किंवा केवळ सवयीने ते बोलून जातात. परंतु ते शब्द भिंतीपलीकडे पोहोचतात आणि त्या आईच्या मनात आयुष्यभर राहतात.

त्याच अंगणात आणखी एखादा मनुष्य गप्प बसलेला असू शकतो. त्याच्या मनात हाच विचार कित्येक दिवसांपासून घोळत असतो. ही चर्चा ऐकून तो एकच धडा घेतो की, आपले दुःख या लोकांपुढे कधीही उघड करायचे नाही.

इस्लामने आत्महत्या हराम ठरविली आहे, याबद्दल उम्मतमध्ये दुमत नाही. पण ही मनाई कोणासाठी आहे? ती जिवंत माणसाला वाचविण्यासाठी आहे. मृताच्या घरावर फेकण्यासाठी दिलेला तो दगड नव्हे. एवढी एक गोष्ट आपण नीट समजून घेतली, तर आपले वागणे दोन्ही ठिकाणी बदलेल, संकटात सापडलेल्या माणसाशी आणि मागे राहिलेल्या कुटुंबाशीही.

हा प्रश्न दूरचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. नोंदविलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या आणि आजारपण ही दोन कारणे सर्वांत वर होती. या दोन्ही गोष्टी कोणत्याही मोहल्ल्यातील कोणत्याही घरात असू शकतात, आपल्याही.

मनाईच्या पोटात दया

सूरह निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने आपल्या जिवांची हत्या करण्यास मनाई केली आहे. काही भाष्यकारांनी याचा अर्थ 'एकमेकांची हत्या करू नका' असा घेतला आहे, तर अनेकांनी त्यात स्वतःच्या जिवाचाही समावेश केला आहे. या आयतीचा शेवट लक्षात घेण्यासारखा आहे. मनाई केल्यानंतर लगेच अल्लाह आपण तुमच्यावर अत्यंत दयाळू असल्याचे सांगतो. मनाईचे कारणच दया आहे.

हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी या आयतीचा आधार कसा घेतला, हे अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये आले आहे. जातुस्सलासिलच्या मोहिमेत एका अतिशय थंड रात्री त्यांच्यावर गुस्ल आवश्यक झाले. थंड पाण्याने स्नान केल्यास आपला जीव जाईल, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी तयम्मुम करून सोबत्यांना नमाज पढविली. ही गोष्ट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली व त्यांनी विचारणा केली, तेव्हा अम्र (रजि.) यांनी हीच आयत सांगितली. प्रेषित (स.) हसले आणि त्यांना काहीही बोलले नाहीत. आपला जीव जपणे हादेखील दीनचाच भाग आहे, ही शिकवण त्या हसण्यात आहे.

आत्महत्या करणाऱ्यासंबंधी कठोर इशारा देणाऱ्या हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहेत. त्या लपविण्याचे कारण नाही. कड्याच्या टोकावर कुंपण घालतात, ते मनुष्य पडू नये म्हणून. पडलेल्याच्या आईला ते कुंपण दाखवून कोणी दोष देत नाही. म्हणून हा इशारा सांगताना सूरह जुमरची ५३ वी आयतही सांगितली पाहिजे. स्वतःवर अतिरेक करून बसलेल्या दासांनाही अल्लाहने तिथे आपल्या रहमतीपासून निराश न होण्यास सांगितले आहे. ज्याचे मन आधीच भयाने व अपराधाच्या भावनेने ग्रासले आहे, त्याला केवळ शिक्षेचे वर्णन ऐकविणे म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याची खोली सांगणे होय.

हजरत मरयम यांची हाक आणि तिचे उत्तर

'खरा मोमिन कधी खचत नाही' असे आपण सहज म्हणतो. कुरआन मात्र असे सांगत नाही. पुत्रवियोगात रडून रडून हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडल्याचे सूरह यूसुफमध्ये आले आहे. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, असे आपल्या मुलांना बजावणारेही तेच याकूब (अ.) आहेत. अश्रू आणि आशा एकाच अंतःकरणात राहू शकतात.

याहून अधिक बोलका प्रसंग सूरह मरयममध्ये (आयत २३ ते २६) आहे. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झालेल्या, एकाकी आणि लोकनिंदेच्या भयाने ग्रासलेल्या हजरत मरयम खजुरीच्या बुंध्याशी येतात. याआधीच आपण मरून गेलो असतो आणि विस्मरणात गेलो असतो तर बरे झाले असते, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात. जगातील स्त्रियांत जिची निवड केली गेली, तिच्या मुखातले हे शब्द आहेत, आणि अल्लाहने ते आपल्या ग्रंथात कायमचे नोंदवून ठेवले आहेत.

आता उत्तर पाहा. 'तुझे ईमान कमजोर आहे' असे त्यांना म्हटले गेले नाही. प्रथम दुःख करू नकोस असा धीर दिला गेला. मग पायाखाली वाहणारा झरा दाखविला गेला. खजुरीचा बुंधा हलवून ताजी फळे मिळविण्यास, खाण्यापिण्यास आणि डोळे निववण्यास सांगितले गेले. त्यानंतर लोकांच्या प्रश्नांची व्यवस्था झाली. कोणी दिसलेच, तर आज न बोलण्याचे व्रत असल्याचे त्यांना कळवावे, म्हणजेच उत्तर देण्याच्या ओझ्यातून त्यांना मुक्त केले गेले. पुढे त्यांच्या वतीने पाळण्यातील बाळ बोलले.

धीर, पाणी, अन्न आणि लोकांच्या जिभेपासून संरक्षण, असा हा क्रम आहे. जगण्याला कंटाळलेल्या माणसाला आणि शोकात बुडालेल्या घराला काय द्यावे, याचा याहून स्पष्ट धडा कोणता असेल?

मशिदीत अवेळी बसलेला मनुष्य

अबू दाऊदमध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रेषित (स.) एके दिवशी मशिदीत आले, तेव्हा अबू उमामा नावाचे एक अन्सारी गृहस्थ नमाजची वेळ नसताना तिथे बसलेले दिसले. अशा अवेळी का बसला आहात, असे प्रेषितांनी (स.) विचारले. चिंता आणि कर्ज यांनी घेरले असल्याचे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सकाळ-संध्याकाळ म्हणण्याची एक दुआ शिकविली. तिच्यात चिंता, दुःख, असमर्थता, आळस, भित्रेपणा, कंजूषपणा, कर्जाचे ओझे आणि लोकांची दडपशाही यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे.

या प्रसंगाकडे आपण बहुधा दुआसाठी पाहतो. दुआच्या आधी काय घडले, तेही पाहू. प्रेषितांच्या (स.) लक्षात आले, त्यांनी विचारले, ऐकून घेतले, आणि मग दुआ शिकविली. दुआमध्येही मनाच्या वेदनेबरोबर कर्जाचा आणि दडपशाहीचा उल्लेख आहे. माणसाचे दुःख केवळ आतून येत नाही, ते बाजारातून, सावकाराकडून, सासरहून किंवा परीक्षेच्या निकालातूनही येते.

आपल्या वस्तीतही कोणीतरी अवेळी बसलेले असते. नेहमी जमाअतीत येणारा मनुष्य दिसेनासा होतो. हसरी मुलगी खोलीतून बाहेर येत नाही. कोणी झोप आणि जेवण सोडतो, कोणी 'माझे तुम्हाला ओझे झाले आहे' असे वारंवार म्हणतो. कोणी जपलेल्या वस्तू वाटून टाकतो किंवा निरोप घेतल्यासारखे बोलतो. दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस, पीक बुडाल्याचे दिवस, व्यवसाय बसल्यानंतरचे महिने, तलाक किंवा मोडलेला विवाह, लांबलेले आजारपण, अशा वेळी विशेष सावध राहिले पाहिजे.

अशा व्यक्तीला एकांतात, शांतपणे आणि स्पष्टपणे विचारावे : "जगणे नकोसे झाले आहे का? जीव संपविण्याचा विचार मनात येतो का?" विचारल्याने हा विचार मनात पेरला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती खरी नाही. स्पष्ट विचारणा झाल्यावर बहुतेकांना बोलण्याची वाट मिळते. उत्तर 'होय' आले, तर वाद घालू नये, उपदेशाची घाई करू नये, 'कोणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. घरातील शेतीची औषधे, गोळ्या आणि इजा होऊ शकेल अशा इतर वस्तू कुलूपबंद कराव्यात किंवा घराबाहेर हलवाव्यात. मरणाची तीव्र ऊर्मी बहुधा काही काळात ओसरते, तो काळ सुरक्षित निघून जाणे महत्त्वाचे असते. मग तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. 'जाऊन ये' म्हणणे आणि 'चल, मी येतो' म्हणणे यांत मोठे अंतर आहे.

प्रेषितांनी (स.) संकटामुळे मृत्यूची इच्छा करण्यास मनाई केली. पण ज्याला राहवतच नाही, त्याला त्यांनी शब्दही दिले : जोपर्यंत जगणे माझ्या हिताचे आहे तोपर्यंत मला जिवंत ठेव, अशा आशयाची ती दुआ बुखारी व मुस्लिममध्ये आहे. असा विचार माणसाच्या मनात येऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी तो विचार अल्लाहपुढे मांडण्याची वाट दाखविली.

दुआ आणि दवा

प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य सोडून प्रत्येक रोगावर अल्लाहने औषध ठेवल्याचे सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी). यातून मनाचे रोग वगळलेले नाहीत. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) या मुस्लिम विद्वानाने 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार केला. कारण ठाऊक असलेले दुःख वेगळे आणि कोणतेही बाह्य कारण नसताना शरीरातील बिघाडातून येणारी उदासी वेगळी, असा भेद त्याने केला होता. आपण मात्र आजही पहिल्या प्रकारच्या माणसाला 'सब्र कर' आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला 'नजर लागली आहे' असे सांगून मोकळे होतो.

कुरआनचे पठण, जिक्र आणि दुआ हा मोमिनचा आधार आहे. त्यांच्या नावाखाली डॉक्टरांकडे जाणे महिनोन्‌महिने लांबविणे ही मात्र अमानतीची हेळसांड आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याच्या तवक्कलवर आपण शंका घेत नाही. नैराश्याची गोळी घेणाऱ्यावरही घेऊ नये.

कायद्याच्या भीतीनेही अनेक कुटुंबे रुग्णालयात जाण्यास कचरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते. तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा न करण्याची तरतूद या कलमात आहे, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक मशिदीच्या फलकावर आणि प्रत्येक घराच्या फोनमध्ये असला पाहिजे.

जनाजा, मगफिरत आणि आपली जीभ

आता अंगणातील त्या प्रश्नाकडे वळू. सहीह मुस्लिममध्ये आहे की, आत्महत्या केलेल्या एका व्यक्तीची जनाजाची नमाज प्रेषितांनी (स.) स्वतः पढविली नाही. उमर बिन अब्दुल अजीज आणि इमाम औजाई यांनी यावरून अशी नमाज होऊ नये असे मत घेतले. पण इमाम अबू हनीफा, इमाम मालिक, इमाम शाफई आणि बहुसंख्य विद्वानांच्या मते ही नमाज पढली जाईल. प्रेषितांचे (स.) स्वतः न पढविणे हे जिवंतांना ताकीद देण्यासाठी होते, सहाबांना त्यांनी रोखले नाही. महाराष्ट्रातील हनफी असोत की कोकणातील शाफई, दोघांच्याही मजहबनुसार गुस्ल, कफन, नमाज आणि मुस्लिम कब्रस्तानात दफन हा या मृताचा हक्क आहे.

प्रेषित (स.) सुरुवातीला कर्जदार मृताचीही नमाज स्वतः पढवीत नसत, सोबत्यांना पढण्यास सांगत. पुढे साधनसंपत्ती आल्यावर मृताचे कर्ज फेडण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली (बुखारी, मुस्लिम). ताकीद दिली, आणि शक्य होताच भारही उचलला. ताकीद देण्याची सुन्नत आपल्याला आठवते, भार उचलण्याची आठवते का?

मगफिरतीविषयी सहीह मुस्लिमच्या 'किताबुल ईमान'मधील हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस प्रत्येक शोकाकुल कुटुंबाला ठाऊक असली पाहिजे. हजरत तुफैल बिन अम्र दौसी (रजि.) यांच्यासोबत त्यांच्या कबिल्यातील एका मनुष्याने मदीनेस हिजरत केली. तेथील हवामान त्याला मानवले नाही, तो आजारी पडला. वेदना असह्य होऊन त्याने आपल्या हातांना इजा केली आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. पुढे तुफैल (रजि.) यांना तो स्वप्नात दिसला. त्याची अवस्था चांगली होती, मात्र दोन्ही हात झाकलेले होते. प्रेषितांकडे (स.) केलेल्या हिजरतीमुळे अल्लाहने आपल्याला माफ केले, पण जे तू स्वतः बिघडविलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही असे सांगण्यात आले, असे तो म्हणाला. तुफैल (रजि.) यांनी हे प्रेषितांना (स.) सांगितले, तेव्हा त्यांनी त्या मनुष्याच्या हातांनाही क्षमा करण्यासाठी अल्लाहकडे दुआ केली.

इमाम नववी यांनी या हदीसवरून स्पष्ट केले आहे की, आत्महत्या करणारा काफिर ठरत नाही, आणि तो निश्चितपणे जहन्नमीच आहे असेही म्हणता येत नाही. त्याचे प्रकरण अल्लाहच्या इच्छेवर सोपविलेले आहे. कृत्य गंभीर होते, म्हणून हात झाकलेले होते. त्या हातांसाठी दुआ करणारे मात्र स्वतः प्रेषित (स.) होते. आपण त्यांच्या उम्मतमध्ये आहोत, तर आपले हात दुआसाठी उठले पाहिजेत, बोट दाखविण्यासाठी नव्हे. मृतांना वाईट बोलण्यासही त्यांनी मनाई केली आहे (बुखारी).

मागे राहिलेल्यांसाठी आपण काय करावे?

१. पहिल्या दिवशी सोबत जावे. अशा मृत्यूत पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन टाळता येत नाही, मय्यत ताब्यात मिळण्यास उशीर होतो. बापाला किंवा भावाला एकट्याने रुग्णालयाच्या दाराशी उभे राहू देऊ नये. जमातीच्या दोन जाणत्या माणसांनी कागदपत्रे, वाहन आणि दफनाची व्यवस्था हाती घ्यावी.

२. अन्न पोहोचवावे. हजरत जाफर (रजि.) मूतहच्या युद्धात शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या कुटुंबासाठी जेवण तयार करण्यास सांगितले. हजरत आयशा (रजि.) शोकाकुल घरातील स्त्रियांसाठी सातूची तलबीना करवीत, ती दुःख काहीसे हलके करते असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते (बुखारी).

३. कारण विचारू नये. कसे घडले, चिठ्ठीत काय होते, भांडण झाले होते का, हे प्रश्न सांत्वन नव्हेत. विधवा झालेल्या सुनेवर किंवा नापास झालेल्या मुलाच्या बापावर ठपका ठेवणे हा तर उघड जुलूम आहे. हजरत मरयम यांना अल्लाहने उत्तरे देण्यातून सोडविले होते, आपणही या घराला सोडवावे.

४. 'जर'चे ओझे उतरवावे. 'मी त्या रात्री जागा असतो तर', 'मी रागावले नसते तर', हा विचार या कुटुंबांना आतून पोखरतो. आपत्तीनंतर 'जर मी असे केले असते' म्हणत राहण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि त्यास अल्लाहची तकदीर मानण्यास सांगितले (मुस्लिम). ही शिकवण दटावून नव्हे, जवळ बसून सांगावी.

५. मुलांना खोटे सांगू नये. वडील 'परगावी गेले' असे सांगितलेल्या मुलाला शाळेत कोणीतरी खरे सांगतेच. वयाला समजेल अशा शब्दांत आजार, मृत्यू आणि अल्लाहची रहमत यांविषयी सांगावे, आणि यात त्याचा काहीही दोष नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे.

६. नंतरही जात राहावे. तीन दिवसांनी माणसे पांगतात. शोक मात्र पहिल्या ईदला, पहिल्या रमजानला आणि मृत्यूच्या तारखेला परत येतो. अशा कुटुंबातील इतरांच्या मनातही मरणाचे विचार येण्याचा धोका अधिक असतो, म्हणून त्यांची विचारपूस हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. मृताचे नाव घ्यावे, त्याच्या चांगल्या आठवणी काढाव्यात. जे घडले ते त्याच्या आयुष्यातील शेवटचे कृत्य होते, संपूर्ण आयुष्य नव्हते.

आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या मनात आज हाच विचार आहे, त्याला एवढेच सांगावयाचे आहे : या विचाराने आपण अल्लाहच्या दारातून हाकलले गेलेले नाही. खजुरीच्या झाडाखालील ती हाक ज्याने ऐकली, तो आपलीही हाक ऐकतो. आजच्या आज घरातील, शेजारातील किंवा मशिदीतील एका माणसाला सांगा, अथवा १४४१६ वर बोला. मदत मागणे हे ईमानच्या विरुद्ध नाही, आपल्याकडे सोपविलेल्या अमानतीचे ते रक्षण आहे.

एका जिवाला वाचविणे हे सर्व मानवजातीला वाचविण्यासमान असल्याचे अल्लाहने सूरह माइदामध्ये (आयत ३२) सांगितले आहे. हा जीव वाचविण्याची संधी कधी रुग्णालयात मिळते, कधी मशिदीच्या पायरीवर, तर कधी शोकाकुल घराच्या अंगणात आपण उच्चारलेल्या किंवा आवरलेल्या एका वाक्यात.

हे अल्लाह, जे निराश होऊन आमच्यातून निघून गेले, त्यांना आणि त्यांच्या हातांनाही क्षमा कर. त्यांच्या मागे राहिलेल्यांच्या अंतःकरणांना शांती दे. जे आज काठावर उभे आहेत, त्यांच्यापर्यंत आम्हाला वेळेवर पोहोचव, आणि आमच्या जिभांना त्यांच्यासाठी रहमत बनव. आमीन.